अंगावर काढलेलं

तुलूझच्या प्रयोगशाळेत, गुरुवारी संध्याकाळी
माझ्यासमोर शहाण्णव खळग्यांची ताटली.
वीतभरसुद्धा नाही.
तिच्यात आमचं अख्खं खोरं बसलंय,
नावं काढून घेतलेलं,
बारकोड चिकटवलेलं.

ऑक्टोबरात शाळेच्या व्यायामशाळेत खाटा मांडल्या होत्या,
बास्केटबॉलच्या रेघांवरच.
खाटीक आला, पोस्टातली ओदिल आली,
ट्रॅक्टर दारात धडधडत ठेवून फिर्मां लाकाझ आला,
त्याची ही त्रेसष्टावी पिशवी.
"माझ्या रक्ताला काय धाड भरलीय," तो म्हणाला,
"त्याच्यावर तर जिल्हा चालतो."
उठल्यावर प्रत्येकाला पाव, गरम सूप,
आणि कलेजीच्या सॉसेजच्या काळपट चकत्या,
माळ्यावर वाळलेल्या,
चुलीचं तोंड न पाहिलेल्या.
एखादा रक्त द्यायचं चुकवेल,
चकती नाही चुकवणार.

आता मी आम्ल घालते.
निळं होतं ते पिवळं पडतं.
पहिल्या ओळीत पाच.
दुसरीत आठ.
तिसरीत मोजणं सोडते, यंत्राला विचारते.
नव्वदांतले त्रेपन्न.

म्हणतात, काविळ झालेल्याला जग पिवळं दिसतं.
इथे उलटंच.
ज्यांचे डोळे कधी पिवळे झाले नाहीत
त्यांचं पिवळेपण मला दिसतंय,
वीस वर्षांनी, तीस वर्षांनी,
प्लास्टिकच्या तळाशी.

येऊन गेला तो.
कडी वाजवली नाही, नाव सांगितलं नाही.
कुणाला आठवडाभर गळून गेल्यासारखं झालं असेल.
कुणाला वाइन कडू लागली असेल, त्यानं दुकानदाराला शिव्या घातल्या असतील.
कुणी लघवीचा रंग पाहून
पाणी कमी प्यायलो म्हणाला असेल
आणि डुकरांना खायला घालायला गेला असेल.
अंगावर काढलं.
डुकरांनीही अंगावरच काढलं होतं.
मग जानेवारीतली ती सकाळ,
अंगणात वाफ, बादल्या,
आणि ऊन ऊन यकृत ओंजळीत झेलणाऱ्या बायका.
त्यांतली एक माझी आई.

पिवळे मला घाबरवत नाहीत.
पिवळं म्हणजे होऊन गेलेलं, निभावलेलं.
नजर अडते ती उरलेल्या सदतीसांवर.
पाण्यासारखे नितळ.
त्यांच्यातला कोण या आठवड्यात चकती खाईल,
काहीच न होता,
अगदी ठणठणीत, बाही वर करून खाटेवर पडेल,
आणि त्याची पिशवी जाईल
चौथ्या मजल्यावरच्या त्या पोराकडे,
ज्याला भावानं मूत्रपिंड दिलंय,
ज्याच्या शरीराचे पहारेकरी आम्हीच
गोळ्या देऊन झोपवून ठेवलेत?
त्याला अंगावर काढता येत नाही.
त्याच्याकडे अंगच तेवढं उरलेलं नाही.

फिर्मां नोव्हेंबरात गेला, उतारावर, ट्रॅक्टरखाली.
इथे कुठल्या तरी खळग्यात तो आहे.
कुठल्या, ते विचारायची मला परवानगी नाही,
आणि विचारलं नाही हेही खरं नाही:
दोनदा यादी उघडली मी, दोनदा मिटली.

रविवारी घरी गेले.
बाबांनी विचारलं, "काय सापडलं आमच्या रक्तात?"
म्हटलं, "अर्ध्याहून जास्त गाव आजारी पडून उठलंय."
"कधी?" ते हसले. "आम्हाला वेळ कुठे होता?"

मग नेहमीची सुरी, नेहमीचा पाट.
सुरीच्या टोकावर चकती धरून त्यांनी हात पुढे केला,
मी सहा वर्षांची असताना करायचे तसाच.
मी ती घेतली.
म्हटलं, "बाकीचीही कापा."
उठले,
तवा काढला, गॅस पेटवला.
"वाया घालवतेस," ते म्हणाले.
चरबी तडतडायला लागली.
मी उभी राहिले,
कडा करपेपर्यंत.