मागे बसा

बसा मागे. पिशवी मध्ये घ्या, पोटाशी.
पिवळं मडगार्ड म्हणजे पायलट,
विमान लागत नाही त्याला इथं.
यादी आणलीय? दाखवा.
ही पणजीतल्या कुणी केलेली नाही.
हिच्यात सकाळच नाही कुठं.

आधी पातळभाजी. आठच्या आत.
अनोळखी गुडघ्याला गुडघा लावून बसायचं,
पाव मोडायचा, रश्श्यात बुडवायचा,
वर एक मिरचीभजी.
चहात साखर कमी म्हणालात तर
पोऱ्या मान हलवतो,
साखर तेवढीच घालतो.

मग पोदेराचा भोंपू ऐकू येईल, सायकलचा.
कोंड्याची पोयी घ्या, आतून पोकळ.
एक तरी काही न भरता खा,
चालता चालता.

दुपारी तिसऱ्या मिळाल्या तर सुकं मागा.
चोणक या आठवड्यात महाग आहे.
बांगडा कुणाला फसवत नाही.
सोलकढी शेवटी. आधी प्यालात
तर मालकीण बघते फक्त,
पण ते बघणं रात्रीपर्यंत पुरतं.
आणि हुर्राक आत्ता नाही.
डिसेंबरात जो हुर्राक देतो
तो बाटली देतो, हुर्राक नाही.

कॅसिनोची बोट? ती काय, दिव्यांची.
पंधरा वर्षं लोकांना सोडतोय या जेटीवर.
परत नेताना
भाडं थोडं कमी घेतो.

त्यापेक्षा फेरीबोटीनं दिवाडीला जा.
पलीकडे काय आहे?
भात. बगळे. परतीची बोट.

पिवळी घरं हवीतच? मळ्यात नेतो.
गेल्या मंगळवारी नागपूरच्या एक बाई होत्या,
भिंतीला पाठ, हनुवटी वर, मोबाईल माझ्या हातात.
तेवढ्यात खिडकी उघडली.
बाय एर्मेलिंद. ऐंशीच्या पुढे.
दारावरची 'फोटो नको' ही पाटी
तिनंच रंगवलेली, दोनदा.
मला वाटलं, आता खरडपट्टी.
तिनं बाईंना पायापासून वर पाहिलं.
'उंची किती गो तुझी?'
बाई गांगरल्या. सांगितली.
'मग आत ये. बल्ब बदल.'

मी बाहेर वीस मिनिटं.
समोरच्या मांजरानं दोनदा कूस बदलली.
बाई आल्या त्या केसांत कोळिष्टक घेऊन,
तोंडात चण्याच्या डाळीचं दोस,
कागदात आणखी दोन वड्या, त्यातली एक माझी.
ते दोस दुकानात मागू नका,
दुकानातलं नुसतं गोड असतं.
फोटो राहिला तो राहिलाच.
उतरताना पैसे मोजत म्हणाल्या,
'बल्ब पेटला ना, तर टाळ्या वाजवल्या हो त्यांनी.'

हेल्मेट घाला. पट्टा सैल आहे, धरून ठेवा.
तुमची उंची किती?
नाही, सहज.
स्वयंपाकघरातला अजून राहिलाय.