वरची फळी

माझ्या मांडीचे दोन तुकडे
योएन्सूच्या इस्पितळात, तळघरात, गोठवून ठेवलेत.
उणे ऐंशी. एवढी थंडी
मी टपाल वाटायचे तेव्हाही कधी पडली नाही,
आणि एकोणतीस हिवाळे वाटलंय मी टपाल,
स्कीवरून, पाठीला चामडी थैली,
तळ्यापलीकडच्या अकरा घरांना.

पहिला तुकडा ऑक्टोबरचा.
सुई घालताना साना म्हणाली,
"ताइमी, आता फक्त दाब जाणवेल."
खोटं बोलली. पण हात ऊबदार होते पोरीचे.
बार्लीच्या दाण्याएवढा लाल ऐवज
बशीत पडला, आणि मला आठवले ओइवाचे पाय.
शेवटच्या वर्षी त्याची पँट
खुंटीवर टांगल्यासारखी दिसायची,
तो आत असतानासुद्धा.

मग बारा आठवडे ती सायकल,
जी कुठेच जात नाही.
समोर पांढरी भिंत, तोंडावर रबरी मुखवटा,
माझा श्वास नळीतून मोजायला नेलेला.
पहिल्या दिवशी चार मिनिटांत
कानशिलं ठणकायला लागली,
पाय म्हणजे ओली लाकडं:
धूर फार, जाळ नाही.
शेजारच्या सायकलवर काउको रेसोनेन,
ब्याऐंशीचा, जन्मभर जंगलात झाडं पाडलेला,
दर फेऱ्याला एक शिवी, अशा हिशोबाने पायडल मारायचा.
दोन महिन्यांत त्याची साखर उतरली.
शिव्या चढल्या.

सानाने एकदा पडद्यावर दाखवलं:
स्नायूच्या पेशीत बारक्या भट्ट्या असतात,
वय झालं की एकेक मंदावते,
खाल्लेलं जळत नाही, पडून राहतं, राख साचते.
धाप लागेपर्यंत रोज चालवलं
तर नव्या पेटतात, जुन्यांची राख निघते.
मी विचारलं, सत्त्याहत्तराव्या वर्षीसुद्धा?
ती म्हणाली, तेच तर बघतोय.
मला ते उत्तर आवडलं.
डॉक्टर लोक सहसा 'हो' म्हणतात
आणि घड्याळ बघतात.

दुसरा तुकडा जानेवारीचा.
दोघे शेजारी ठेवलेत म्हणे, एकाच क्रमांकाखाली, एकतीस.
थोरला कोण, धाकटा कोण,
हे मी रात्री जागून ठरवू पाहते.
जानेवारीचा तीन महिन्यांनी म्हातारा,
एवढं कॅलेंडर सांगतं.
भट्ट्या काय सांगतात ते वसंतात कळेल,
तेही नावाशिवाय,
साठ मांड्यांच्या सरासरीत
माझी एक चिमूट.

तोवर थांबायचा माझा स्वभाव नाही.
काल सौना तापवला.
ओइवा गेल्यापासून खालच्याच फळीवर बसते मी,
जिथे लहान पोरांना बसवतात.
वाफ सगळी वर, खाली नुसती ओल.
काल उठले. भिंतीला हात न लावता
एक पायरी, दुसरी.
तिसरीला गुडघा काहीतरी बोलला,
मी ऐकलं नाही.
वर टेकले, दगडांवर पळीभर पाणी टाकलं.
वाफ आली आणि कानाच्या पाळ्यांना चावली,
जुन्या कुत्र्याने ओळख पटल्यावर चावावं तशी.

उतरायचं कसं, हे वर बसल्यावर सुचलं.
साना म्हणते, चढायला फुप्फुसं लागतात,
उतरायला मांड्या.

बघू.
अजून पाणी शिल्लक आहे बादलीत.