पाव मिलिमीटर

किल्ली काडेपेटीत असते.
एक आठवडा माझ्याकडे, एक मिर्काकडे,
पुलापलीकडे. हेल्काच्या दप्तरात
काडेपेटी खुळखुळत जाते-येते.

वरचे दात दाटीवाटीने आलेत पोरीचे.
सुळ्याला तर जागाच नाही. हिरडीत वर कुठेतरी
दारात ताटकळलेल्या पाहुण्यासारखा उभा आहे.
डॉक्टर केकालाइनेन म्हणाल्या, इतक्यात काढायचं काही नाही,
जागा करून बघू. नऊ वर्षांची आहे,
टाळूची शिवण अजून पक्की नाही.
चार-पाच वर्षांनी आला असतात, तर मी हात टेकले असते.

टाळू.
हिच्या डोक्यावरची तेवढी ठाऊक होती मला.
या तळहाताखाली धडधडायची,
आणि आम्ही दोघं श्वास रोखून टोपी चढवायचो.
ती कधी भरली, कळलंच नाही.
आम्ही तेव्हा दुसऱ्याच कशावरून तरी भांडत होतो.

रोज रात्री एक फेरा. पुढून मागे, घशाकडे.
पाव मिलिमीटर.
"नाकात कुणीतरी जिना चढतंय," हेल्का म्हणते
आणि प्रत्येक 'स'ला थुंकी उडवते.

मंगळवारी पेटी उघडली तर आत नुसत्या काड्या.
म्हणजे किल्लीची पेटी तिकडे, सौनाच्या चुलीजवळ.
फोनवर मिर्का आधी हसली, मग एकदम गप्प झाली.

पावणेदहाला आली. बर्फ झटकला, बूट काढले,
ओल्या मोज्यांनी उभी राहिली.
या घरात पहिल्यांदाच.
न्हाणीघर एवढंसं. तिने मोबाईलचा उजेड धरला,
मी भोक शोधत होतो, हेल्काने आ केलेला,
तिघांची कोपरं एकमेकांत.
"ढकलू नका ना," पोर बोबड्या तोंडाने म्हणाली.
आम्ही दोघं दोन भिंतींना चिकटलो.
फेरा बसला.

मग मिर्काने फ्रिजवरचा कागद पाहिला.
"अठरा? माझ्या हिशेबाने आज एकोणीस."
पुन्हा मोजलं, बोटांवर, शुक्रवारपासून मागे मागे.
जुळेना.

हेल्का अजून आरशापुढेच.
पुढच्या दोन दातांत फट पडली आहे,
जिभेचं टोक शिरेल एवढी.
पडणारच, डॉक्टर म्हणाल्या होत्या, आणि आपोआप मिटेल.
तिच्यातून ती शीळ घालायला बघतेय.
नुसती हवा येते.