कोनी अंडेर

दोंडाईच्याच्या वजनकाट्यामागची खोली.
ज्या टेबलावर बापू पावत्यांचे गठ्ठे बांधतात
त्याच्या उरलेल्या कोपऱ्यावर माझा लॅपटॉप.
रात्रीचे दोन. जिनिव्हात साडेनऊ.
फेब्रुवारी आहे, समोरच्या पथारीवरची मिरची
अंधारातही नाकाला दिसते.

पडद्यावर टकरी.
प्रोटॉनवर प्रोटॉन, सेकंदाला लाखो,
बहुतेक नुसत्या बाजारात खांदा लागून गेल्यासारख्या,
एखादीच अशी
की एका ठिणगीतून शंभर-दीडशे कण उधळतात.
माझं काम मोजायचं.
कोणी विचारलं तर मी एवढंच सांगते, मोजते.
बापूही तेच सांगतात.

त्या गर्दीत मला हवी असते लॅम्डा.
तिच्यावर विजेचा भार नाही,
म्हणून ती चालते तेव्हा पाऊल उमटत नाही.
चार-आठ सेंटिमीटर जाते अशीच, कोणाला न कळता,
मग मोडते
आणि रिकाम्या जागेतून दोन रेघा फुटतात,
बेचक्यासारख्या.
एक प्रोटॉन, एक पायॉन.
बेचकं दिसलं की मागे जायचं.
जी दिसलीच नाही तिचं वस्तुमान
लेकरांच्या चालीवरून काढायचं.

तीन आठवडे माझा आलेख वर चढत होता.
टक्कर जितकी दाट तितक्या लॅम्डा जास्त,
हे जगाला माहीत आहे.
पण माझ्या शेवटच्या कप्प्यात
त्याहूनही अकरा टक्के जादा.
अकरा टक्क्यांनी झोप जाते.
वाघुळदे सरांना कळवलं नाही.
मनातल्या मनात प्रबंधाचं शीर्षक दोनदा बदललं.

बापूंना सांगितलं, कारण जागे तेवढेच होते.
शहाद्याकडचा एक ट्रक नुकताच काट्यावरून उतरला होता.
म्हणाले, जादा येतंय?
आधी बघ केबिनमध्ये कोण बसून राहिलंय.
एक ड्रायव्हर होता म्हणे,
गाडी भरलेली असली की आत बसून राहायचा,
रिकामी झाली की बिडी ओढायला खाली.
दर खेपेला त्याच्या अंगाची सत्तर किलो
मिरचीच्या भावाने विकली गेली.
काटा खोटं बोलत नाही, बापू म्हणाले,
काटा विचारत नाही फक्त.

सकाळी चहाचा कप घेऊन पथारीवर गेले.
मथुराबाय देठं खुडत होती, नाकाला पदर.
मान वर न करता म्हणाली,
कोनी अंडेर शेस वं तू?
काटावाला बापूनी.
त्यानी माय कोठली?
मालपूरनी.
तेवढं कळल्यावर तिने मला नीट पाहिलं.

चहा तिथेच राहिला.

कोणाची लेक तू?
सगळ्या लॅम्डांना हेच विचारायचं राहिलं होतं.
काही टकरीतून थेट जन्मलेल्या.
काही क्सायच्या पोटच्या.
क्साय आधी जन्मते, थोडं चालते, मोडते,
मग तिची लेक निघते, उशिरा, आडवाटेने,
आणि तिची रेघ मागे ओढत नेली
तर टकरीचा बिंदू केसभर चुकतो.
तो केस मी सोडून दिला होता.
दाट कप्प्यात क्साय जास्त,
म्हणून नाती जास्त,
आणि नातींना मी लेकी म्हणून मोजत होते.

वजाबाकीला चार दिवस लागले.
अकराचे दोन टक्के झाले.
दोन टक्के म्हणजे माझ्याच मापाची थरथर.
टिपणात लिहिलं:
आधीच्या मोजमापांशी सुसंगत.
हे वाक्य लिहायला जेवढा वेळ लागला
तेवढा आख्ख्या प्रकरणाला लागला नव्हता.

बापूंनी विचारलं, उतरला का ड्रायव्हर?
उतरवला.
मग फाड पावती, म्हणाले,
आणि पुढच्या गाडीला हात केला.

वजा केलेल्या त्या सगळ्याजणी
मी वेगळ्या फाइलमध्ये ठेवल्यात.
प्रबंधात त्यांचा एक तक्ता येईल, परिशिष्टात,
कोणी वाचणार नाही.
फाइलला नाव द्यावं लागतं.
मालपूर दिलं.