होल्डवर

डिस्चार्जच्या कागदावर डॉक्टरांनी लाल शाईनं लिहिलं:
वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही, महिनाभर.
मग दुसरा डोळा. आणखी एक महिना.
नऊ आठवडे धरा.

उदगिरात, गिरणीच्या वर,
पत्र्याचा जिना चढून गेलं की सायमाच्या दोन खोल्या.
भिंतीशी ओळीनं डंबेल.
त्यात माझा चौदाचा, मुठीला हिरवट चिकटपट्टी.
तो आता हलीमा आपा उचलतील, मनात आलं.
उचलू देत, म्हटलं.
(म्हटलं फक्त.)

शेजारची सुलू म्हणाली,
"कामून करूलालाव वो हे सगळं?
या वयात गेलेलं येतंय का कुठं?"
मी काळ्या चष्म्याआडून तिच्याकडं बघत राहिले.
रात्री मात्र मांडी चाचपली,
बाजारात वांगं चाचपतो तशी,
आतून पोकळ तर नाही ना.

सायमाचा फोन आला.
"दीड वर्ष घातलंय तुम्ही, काकू.
ताकद अशी पाकीट मारल्यासारखी जात नाही.
डॉक्टरांना मी विचारलंय.
खुर्चीतून हात न टेकता उठा, बसा. दहादा. सावकाश.
ओट्याला धरून टाचा उचला.
श्वास कोंडायचा नाही.
अंडं खात नाही ना, मग वरण तरी घट्ट करा,
वरणाच्या नावानं पाणी पिऊ नका."

मी टेलिफोन एक्स्चेंजात होते, एकोणऐंशीपासून.
समोर बोर्ड, त्यावर भोकांच्या रांगा:
लातूर, बिदर, देगलूर, निलंगा.
दोरीची पिन खुपसायची, पलीकडचं गाव जागं व्हायचं.
बोर्ड कधीचाच भंगारात गेला.
तरी अजून झोपेत उजवा हात उठतो
आणि अंधारात बिदरचं भोक बरोबर शोधतो.

त्या नोकरीनं एक शिकवलं.
पलीकडून कोणी बोलत नाही
म्हणजे लाईन तुटली असं नसतं.
कान लावला तर आत बारीक गुणगुण असते.
खुर्चीतून दहाव्यांदा उठताना
गुडघ्यांच्या वर मला ती ऐकू आली.
मी कोणाला सांगितलं नाही.
अकराव्यांदा उठले.

आठ दिवसांनी नळ यायचा
तेव्हा घागरी पुतण्यानं भरल्या, मी दारात उभी.
बावीस वर्षं मीच पाणी वर चढवलं होतं,
ड्यूटीवर जायच्या आधी, कधी पोटुशी असताना,
आणि कोणी मोजलं नव्हतं.
सायमानं पहिल्या दिवशी वही काढून लिहिलं:
प्रयाग बिराजदार, चार किलो, आठ वेळा.
घरी येऊन मी पंखा न लावता
बराच वेळ बसून होते त्या दिवशी.

दहाव्या सोमवारी जिना चढले.
सव्वीस पायऱ्या, कठड्याला हात न लावता.
खोटं कशाला, एकविसाव्या पायरीला लावला.
खोलीत भलताच उजेड.
आणि चौदाच्या मुठीवरची चिकटपट्टी
निळी होती, चक्क निळी,
इतके दिवस मी हिरवी समजत होते.

आठचा उचलला. दहाचा. बाराचा, थोडी थरथर.
मग चौदाचा.
जमिनीवरून सुटला.
एकदा, दोनदा, तीनदा, चारदा.
पाचव्यांदा नाही.
आधी दहा व्हायचे.

सायमानं लिहिलं: चौदा, चार.
"नऊ आठवड्यांनी हे म्हणजे..." ती म्हणाली
आणि पुढं बोललीच नाही, शिसपेन्सिल चावत राहिली.

हलीमा आपा कोपऱ्यातून म्हणाल्या,
"तुमचा है करके मैं हातच नै लगाई उसको."
मी म्हटलं, मग तुम्ही?
त्यांनी पदर खोचला
आणि सोळाचा उचलून दाखवला.

सायमा, वही मिटू नको.
मी पाचव्यांदा वाकतेय.