बदली

अक्कलकोट रोड एमआयडीसी, टॉवेलचा कारखाना.
रात्री अडीचला सर्व्हरच्या खोलीत मी आणि एक पंखा.
भिंतीपलीकडे माग.
त्यांची खटखट आता कानाला नाही, दातांना ऐकू येते.

जुन्या मशीनवर सहा पडदे होते.
बटण दाबलं की सहाच्या सहा जागे,
प्रत्येकाच्या कपाळावर तोच प्रश्न, लॉगिन,
आणि पुढे लुकलुकणारी रेघ.
पहिल्यावर मी बसायचो, क्वचित दुसऱ्यावर.
बाकीचे चार वर्षानुवर्षं
तयार, नुसतेच.

अप्पा मिलमध्ये बदली होते.
भोंग्याआधी गेटवर, डबा काखेत,
हजेरीत नाव पेन्सिलीनं: चुन्नूर लक्ष्मय्या.
जॉबर बोट दाखवायचा. तू, तू, तो मागचा.
बोट थांबलं की उरलेले परत.
डब्यातली भाकरी अप्पा वाटेत खायचे नाहीत,
नेली तशी आणून आईपुढे ठेवायचे.
"आज नुसता उभा राहिलो," एवढंच, तेलुगूत.

नव्या मशीनवर तसं नाही.
कंट्रोल, आल्ट, एफ-तीन दाबलं
की आत कुणीतरी हाक मारतं
आणि तिसरा पडदा तेव्हाच जन्मतो,
प्रश्नासकट.
त्याआधी तो झोपलेला नव्हता. नव्हताच.
जो उभाच राहिला नाही
त्याला परत कोण पाठवणार?

गुडूरशेठना सांगितलं. म्हणाले, वाचलं किती?
म्हटलं, चिमूटभर.
"मग कशाला बे?"
उत्तर होतं. दिलं नाही.

एकदा उठवला की मात्र तो जागाच राहतो
मशीन बंद होईपर्यंत.
मिल बंद पडल्यावरही अप्पा चारला उठायचे,
चूळ भरून, सदरा घालून
खाटेवर बसून राहायचे.

आणि सहावा. सहावा राखीव.
बाकी सगळे अडकले तरी ही एक जागा
दुसऱ्या कुणाला द्यायची नाही,
असं कुठल्या देशातल्या कुणी
एका ओळीत लिहून ठेवलंय.
त्या ओळीवर बोट ठेवून मी जरा वेळ बसतो.

पॅकिंगवरून अजून फोन नाही.
एफ-सहा दाबतो. विचारतो, लॉगिन.
अप्पांचं नाव टाइप करतो.
पासवर्ड, तो म्हणतो.
मी काहीच लिहीत नाही.
साठ सेकंद तो थांबतो माझ्यासाठी,
मग पडदा पुसून
पुन्हा पहिल्यापासून विचारतो.