स्थिती-अहवाल, शारजा

पेटी आली की चोवीस तास उघडायची नाही.
आतल्या हवेला इथली हवा सोसू द्यायची.
बाहेर शेहेचाळीस अंश,
खाडीवर धुळीचं झाकण.
मुस्तकीम म्हणतो, आम्हाला कोण देतं एवढे तास?
विमानातून उतरलो ते थेट साइटवर.

दुसऱ्या दिवशी त्याने सोळा स्क्रू काढले,
फडक्यावर क्रमाने मांडले,
आणि मी टॉर्च तिरका धरून लिहू लागले:

सन सतराशे साठच्या आसपास. कॅनव्हासवर तैलरंग.
वार्निश पिवळलेलं. आकाशात केसाएवढ्या भेगा,
झाडाच्या शेंड्यापासून चार सेंटिमीटर.
देवळाचे तीन खांब पडलेले.
नाही, ही नोंद नको. ते पडलेलेच काढलेत,
वेल कुठून चढवायचा ते आधी ठरवून.

झाड कसलं हे? तो विचारतो.
कसलंच नाही. खोड एका डोंगरावरचं,
पानं दुसऱ्याच वहीतली,
खोलीत बसून जुळवलेलं.
जवळचं तपकिरी, मधलं हिरवं, लांबचं निळं,
आणि पाणी, ज्यात कुणी कपडे धूत नाही.

तो मंडणगडचा. वाकून बराच वेळ बघतो.
शेळ्या खोट्या आहेत, म्हणतो.
नऊ शेळ्या, आणि नऊच्या नऊ बसलेल्या?
एक तरी पुढचे पाय खोडाला लावून
पाला ओरबाडत असायला हवी.
आणि पोरगा पावा वाजवतोय. काठी कुठाय त्याची?

मी हसते. लिहीत नाही.
तसा रकाना नाही.

जेवणाच्या सुट्टीत त्याने मोबाइल पुढे केला.
घर. हलीमाने कालच पाठवलेलं.
गिलावा केलेली भिंत, दारात जास्वंद,
संध्याकाळचं ऊन नेमकं ओट्यावर, मागे डोंगर.
छान आहे, म्हटलं.
हो ना. वादळात पडलेली पडवी
बरोब्बर बाहेर ठेवते ती.
तिला वाटतं मला कळत नाही.
मग त्याने पाठवलेला दाखवला:
कारंजं, खजुरी, इस्त्रीचा शर्ट.
खोलीतले बाकी अकरा जण कुठेच नाहीत.

दुपारी धूळ इतकी दाटली
की पलीकडच्या काठावरच्या क्रेनसुद्धा निळ्या झाल्या,
मऊ, फार जुन्या असाव्यात तशा.

एकंदर स्थिती: चांगली.
खाली माझी सही, साक्षीदार म्हणून त्याची.
जागा अर्ध्या बोटाची.
त्याने नाव लिहिलं, बापाचं नाव, गाव,
मग कागद आडवा करून
समासात तालुका.